जुना सर्व्हर सोडा, पण किल्ली सोडू नका

२०२५ च्या रमजानची गोष्ट. ईदला बारा दिवस उरले होते. या दिवसांत अहमदपूरच्या बाजारात कापडवाल्याला जेवायला फुरसत नसते. तरावीहनंतर जी गर्दी सुरू होते ती मध्यरात्र उलटली तरी हटत नाही. अशा ऐन हंगामात एका सकाळी आमच्या खरेदी मंडळाचा सर्व्हर बंद पडला.

हे मंडळ म्हणजे काही मोठी संस्था नव्हे. आम्ही अकरा दुकानदार मिळून भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी आणि सुरतेहून माल मागवतो. एकट्याने दोन गाठी मागवल्या तर दलाल एक भाव सांगतो, अकरा जणांनी मिळून मागवल्या तर तोच दलाल चहा पाजून दुसरा भाव सांगतो. एवढ्याच गरजेतून २०११ मध्ये आम्ही वर्गणी काढून एक सर्व्हर घेतला. कोणी किती तागे मागितले, कोणत्या पेढीचा काय भाव आला, बिल्टी कोणत्या ट्रान्सपोर्टकडे आहे, कोणाकडे किती बाकी निघते, हे सारे त्यातल्या सामाईक फाइलींत असे. मंडळाची मेलही त्यावरच येई. जवळच्या दुकानांना तार ओढली होती, लांबच्यांना इंटरनेटवरून जोडले होते. सर्व्हर एका सदस्याच्या दुकानाच्या माळ्यावर, शर्टिंगच्या ताग्यांशेजारी ठेवला होता. कापडाचे तंतू आणि धूळ खात चौदा वर्षे तो चालला.

लातूरहून दुरुस्तीवाला आला. त्याने डबा उघडला आणि सांगितले की हार्ड डिस्क गेली. आम्ही म्हणालो, दुसरी डिस्क बसवलेली आहे, त्यावर नक्कल असेल. तो म्हणाला, ती तर वर्षापूर्वीच गेली आहे. समोर लाल दिवा लागलेला होता, तुम्ही पाहिला नाही का? पाहिला सगळ्यांनीच होता. प्रत्येकाला वाटले, दुसऱ्या कोणाला तरी ठाऊक असेल.

पुढचे आठ दिवस आम्ही व्हॉट्सअॅपवरचे फोटो, दलालांच्या चिठ्ठ्या आणि एका जुन्या मुनीमजींची कागदी वही यांवरून हिसाब पुन्हा उभा केला. दोन गाठी दोनदा मागवल्या गेल्या. लहान मुलांच्या कपड्यांची एक गाठ मागवायचीच राहिली आणि ती ईद होऊन गेल्यावर आली. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे, आमच्यातील दोन सदस्यांत एका रकमेवरून वाद झाला. एक म्हणे दिली, दुसरा म्हणे मिळाली नाही. नोंद सर्व्हरमध्ये होती आणि सर्व्हर मेला होता. दोघेही सच्चे, दोघांची वीस वर्षांची दोस्ती. शेवटी बुजुर्गांनी मधे पडून निम्मे-निम्मे करायला लावले. पैशाचा निकाल लागला, पण दोघांच्या सलामातला पूर्वीचा मोकळेपणा परतायला बरेच महिने लागले.

म्हणून हा लेख लिहीत आहे. संगणकाच्या जाणकारांनी तो वाचावा अशी माझी अपेक्षा नाही. मी स्वतः उर्दू शाळेत शिकलेला आणि कापड मोजण्यात हयात घालवलेला माणूस आहे. पण आज गावोगावी व्यापारी मंडळे, पतसंस्था, शाळा, ट्रस्ट आणि कारागिरांच्या सोसायट्या अशाच एखाद्या माळ्यावरच्या यंत्रावर चालल्या आहेत. त्यांनी आमच्यासारखी ठेच लागण्याची वाट पाहू नये.

आड, नळ आणि हौद

सर्व्हर म्हणजे घरचा आड. खोदला आपण, पाणी आपले, कोणाला विचारायचे नाही. पण गाळ काढायचा आपण, पोहरा तुटला तर आणायचा आपण आणि आटला तर रडायचेही आपणच. क्लाउड म्हणजे नगरपालिकेचा नळ. नळ उघडला की पाणी येते, दरमहा पट्टी भरायची. पंप, टाकी, गळती ही डोकेदुखी दुसऱ्याची.

क्लाउड या नावामुळे पुष्कळांना वाटते की आपला हिसाब आकाशात कोठेतरी तरंगतो. तसे काही नाही. ती दुसऱ्याच्या इमारतीत ठेवलेली भाड्याची यंत्रे आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यासह तीन शहरांत आपली केंद्रे सुरू केली, अॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गुगलनेही २०१७ मध्ये मुंबईतच. म्हणजे जे आकाशात आहे असे आपण समजतो ते पुष्कळदा आपल्याच राज्यात, जमिनीवर असते.

मराठवाड्याच्या माणसाला मात्र आड आणि नळ यांच्यापलीकडची एक गोष्ट सांगावी लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात आडवाल्यांचा आड आटला होता आणि नळवाल्यांचा नळ कोरडा होता. ज्याच्या घरात हौद भरलेला होता त्याचे दिवस निभले. या लेखाचे सार एवढेच आहे. आड सोडून नळ घ्या, पण घरचा हौद बुजवू नका.

जुने यंत्र बंद पडते तेव्हा, आणि चालू असते तेव्हाही

आमच्या सर्व्हरवर विंडोज सर्व्हर २००८ ची दुसरी आवृत्ती होती. ती बनवणाऱ्या कंपनीने तिची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी थांबवली. त्या तारखेनंतर तिच्यात जी फट सापडेल ती बुजवणारा कोणी नव्हता. तरीही आम्ही पाच वर्षे तीच वापरत होतो, कारण ती चालत होती. घरातल्या संगणकांवरची विंडोज १० सुद्धा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी याच रांगेत गेली. संस्थांच्या मेलसाठी वापरले जाणारे एक्स्चेंज सर्व्हर २०१६ आणि २०१९ यांचीही मुदत त्याच दिवशी संपली. ज्या संस्थेत अजून ही आवृत्ती चालते तिने समजावे की दुकानाला शटर आहे, पण कुलूप नाही.

कोणी म्हणेल, आमच्या अहमदपुरात येऊन कोण चोरी करणार? हा प्रश्न आमच्या मंडळातही आला. त्याला उत्तर म्हणून एक घटना सांगतो. ती आपल्याच राज्यातील आहे. २७ जून २०१७ रोजी न्हावा शेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. ट्रकांच्या रांगा लागल्या. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचे होते आणि त्यांच्या संगणकांत नॉटपेट्या नावाचा विषाणू शिरला होता. तो मुंबईवर सोडलेला नव्हताच. युक्रेनमध्ये व्यापारी जे हिसाब आणि कराचे सॉफ्टवेअर वापरतात, त्याच्या अद्ययावत प्रतीतून तो पसरवला गेला होता. मर्स्कच्या तेथील कार्यालयातही ते सॉफ्टवेअर होते. एका दाराने आत आलेला विषाणू ज्या यंत्रांना मार्च २०१७ ची दुरुस्ती लावलेली नव्हती त्यांतून पसरला आणि मग पासवर्ड चोरून दुरुस्त यंत्रांतही घुसला. कंपनीला चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे करावे लागले.

यातला सर्वांत बोधप्रद भाग पुढचा आहे. कंपनीत कोणाला कोठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारी यंत्रे जगभर होती. ती एकमेकांची नक्कल ठेवत, म्हणून बॅकअपची वेगळी गरज कोणाला वाटली नाही. विषाणूने सगळी एकदम पुसली. एकच वाचले, आफ्रिकेतील घाना देशातले. कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती आणि ते यंत्र बंद होते. भारनियमनाला आपण आयुष्यभर शिव्या दिल्या, पण जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीला भारनियमनाने तारले! अर्थात वीज जाण्यावर धंदा सोपवता येत नाही. जी नक्कल मूळ यंत्राला सदैव जोडलेली असते ती खरी नक्कल नव्हे, हा त्यातला धडा आहे. आमची दुसरी डिस्क त्याच डब्यात होती, हे आठवले की आजही शरम वाटते.

कागद जळतो, सरकारही हलते

काही बुजुर्ग म्हणतात, हे सारे झंझट कशाला? आपली लाल वही बरी. वहीचा मी दुश्मन नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत, हा हुकूम सुरह बकरात स्पष्ट आहे आणि आपल्या बापदादांनी तो वहीतच पाळला. पण कागदाचीही मर्यादा आहे. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. पाच माणसांचा जीव गेला आणि वरच्या मजल्यांवरील फाइलींची राख झाली. राज्याचा कारभार जेथून चालतो तेथे ही गत झाली, तर आपल्या दुकानाचे काय सांगावे?

पुढे जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने आपले क्लाउड धोरण जाहीर केले. खात्यांनी स्वतःची यंत्रे विकत घेत बसण्याऐवजी भाड्याची सेवा घ्यावी, मात्र माहिती देशातच राहावी, असा त्याचा रोख होता. केंद्र सरकारच्या सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांची मेल जुन्या सरकारी व्यवस्थेतून झोहो या भारतीय कंपनीच्या व्यवस्थेवर नेण्यात आल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. ही कंपनी तामिळनाडूची आहे आणि तिचे एक मोठे कार्यालय तेनकासी जिल्ह्यातील खेड्यात आहे. पत्ते मात्र पूर्वीचेच सरकारी राहिले. ही छोटी बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. घर बदलले तरी पाटी आपल्याच नावाची असली पाहिजे.

नळ बंद करणाऱ्याचा हात

येथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की मी क्लाउडची जाहिरात करीत आहे. तसे नाही. मोठ्या कंपन्यांचे विक्रेते जी गोष्ट सांगत नाहीत ती आता सांगतो.

नायरा एनर्जी ही मुंबईत मुख्यालय असलेली तेल कंपनी आहे. गुजरातेत वाडीनार येथे तिचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे आणि देशभर तिचे हजारो पेट्रोल पंप आहेत. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्ट कंपनीचा जवळजवळ निम्मा हिस्सा असल्यामुळे युरोपीय संघाने १८ जुलै २०२५ रोजी तिच्यावर निर्बंध लादले. त्यानंतर चारच दिवसांनी मायक्रोसॉफ्टने तिची सेवा थांबवली. मेल, फाइली, आपसांतला कामाचा संवाद, सारे बंद. कंपनी भारतातील, कायदा भारताचा, सेवेचे पैसे भरलेले, तरी नळ बंद झाला. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. जुलै संपता संपता सेवा पुन्हा सुरू झाली. पण मधल्या काळात तिला रेडिफ या मुंबईच्याच कंपनीची मेल घ्यावी लागली. नायराकडे वकील होते, पैसा होता. आमच्या अकरा दुकानदारांचा नळ उद्या कोणी बंद केला तर आम्ही कोणत्या न्यायालयात उभे राहणार?

दुसरी घटना कोरियाची. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन शहरात सरकारी माहिती केंद्राला आग लागली. बॅटऱ्या सर्व्हरपासून दूर हलवण्याचे काम चालू असतानाच ती भडकली. सरकारी कर्मचाऱ्यांनी आपल्या फाइली सामाईक क्लाउडमध्ये ठेवाव्यात अशी तेथील व्यवस्था होती. त्या क्लाउडमधील ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली, कारण आकार फार मोठा म्हणून तिची बाहेर नक्कलच ठेवली नव्हती. तंत्रज्ञानात कोरिया कोठे आणि आपण कोठे! पण चूक तीच झाली, जी आमच्या माळ्यावर झाली.

तेव्हा क्लाउडवर गेलो म्हणजे सुटलो, असे समजणारा आणि जुन्या सर्व्हरला चिकटून बसणारा, दोघेही एकाच भ्रमात आहेत. दोघांनाही वाटते की नक्कल ठेवण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणाची तरी आहे.

आम्ही कसे हललो

ईदनंतर मंडळाची बैठक झाली. माझा भाचा नांदेडला संगणकाचे काम करतो, त्याला बोलावले. तो म्हणाला, "मामू, सामान हलवण्याच्या आधी घर झाडून घ्या." त्याचे म्हणणे आम्ही मानले आणि त्यामुळेच बचावलो. जे केले ते क्रमाने सांगतो, दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडावे म्हणून.

पहिले काम नावांचे. वाचवलेल्या फाइली आणि नव्याने बनवलेल्या याद्या पाहिल्या, तर एकच शेख तीन ठिकाणी तीन स्पेलिंगांनी होते, सय्यदांचे चार प्रकार होते. एकाच गिऱ्हाइकाची उधारी तीन खात्यांत विभागलेली. प्रत्येक व्यापाऱ्याला हा अनुभव असेल. आम्ही ठरवले की नावाबरोबर मोबाइल नंबर हीच खरी ओळख धरायची. पंधरा दिवस केवळ हीच सफाई चालली. कंटाळवाणे काम होते, पण त्यातूनच कित्येकांची विसरलेली बाकी सापडली.

दुसरे काम अक्षरांचे. आमची जुनी मराठी पत्रे श्रीलिपी आणि कृतिदेव अशा फाँटांत होती, उर्दूचे कागद जुन्या इनपेजमध्ये. नव्या ठिकाणी उघडली तर ती वाचता येईनात, नुसती किडे-मुंग्यांसारखी चिन्हे. युनिकोड पद्धतीत ती बदलून घ्यावी लागली. ज्या शाळा आणि ट्रस्ट यांच्याकडे वीस-पंचवीस वर्षांचे ठराव या फाँटांत आहेत त्यांनी हे आधी पाहावे. जे बदलता आले नाही त्याच्या छापील प्रती काढून आम्ही फाइलीत लावल्या.

तिसरे काम अधिकारांचे. जुन्या सर्व्हरला एकच पासवर्ड होता आणि तो दुकानातल्या पोरापासून सगळ्यांना पाठ होता. नव्या ठिकाणी प्रत्येकाचे वेगळे खाते, वेगळा पासवर्ड. भाव पाहण्याचा अधिकार सर्वांना, बदलण्याचा दोघांना. नोकरी सोडून गेलेल्या मुलाचे खाते त्याच दिवशी बंद. हा नियम कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घेतल्या.

चौथे काम किल्लीचे. हे सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून नीट वाचावे. पुष्कळ ठिकाणी असे होते की संस्थेचे खाते एखाद्या हुशार पोराच्या खासगी मेलवर उघडले जाते आणि ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येतो. तो पोरगा पुण्याला नोकरीला गेला, रुसला किंवा त्याचे सिमकार्ड बंद झाले, की संस्था दाराबाहेर. संस्थेच्या नावाचा पत्ता संस्थेच्या मालकीचा असावा, त्याची वर्षाची फी संस्थेच्या बँक खात्यातून जावी आणि मुख्य अधिकार किमान दोन माणसांकडे असावा. आम्ही मंडळाच्या नावाचे स्वतंत्र सिमकार्ड घेतले. पासवर्डाचे पाकीट लाख लावून दोन बुजुर्गांकडे ठेवले आहे. हसायचे असेल तर हसा, पण दोन वर्षांनी अध्यक्ष बदलतील तेव्हा हेच पाकीट कामाला येईल.

पाचवे, हलण्याची वेळ. ईद, दिवाळी, लग्नसराई आणि सोयाबीनचा पैसा बाजारात येतो ते दिवस सोडून, ऐन पावसाळ्यात, बाजार थंड असताना आम्ही हललो. आधी फक्त दोन दुकाने नेली. पंधरा दिवस नवी आणि कागदी अशा दोन्ही नोंदी समांतर चालवल्या. ताळा जुळला तेव्हाच बाकीचे नऊ आले. एका रात्रीत सगळे हलवून देतो असे म्हणणाऱ्याला दारातूनच सलाम करावा.

सहावे, घरचा हौद. दर जुम्मेरातीला संध्याकाळी सर्व फाइलींची नक्कल एका बाहेरच्या डिस्कवर उतरते. उतरली की ती डिस्क तारेतून काढून एका सदस्याच्या घरच्या कपाटात जाते. पुढच्या आठवड्याला दुसरी डिस्क, दुसरे घर. आणि तीन महिन्यांतून एकदा त्यातली एखादी फाइल खरोखर उघडते की नाही हे पाहिले जाते. उघडून न पाहिलेली नक्कल म्हणजे न मोजलेला गल्ला. उधारीची बाकी मात्र आजही महिन्याला कागदावर छापून सहीनिशी ठेवली जाते.

खर्चाचे म्हणाल तर क्लाउडमध्ये एकदम मोठी रक्कम जात नाही, माणसामागे दरमहा भाडे जाते. म्हणून ते स्वस्त वाटते. पण भाडे थांबत नाही आणि वाढतेही. त्यामुळे माणसे मोजून खाती घ्यावीत आणि करार करण्याआधी दोन प्रश्न लेखी विचारावेत. आमची माहिती देशात राहणार का? आम्ही सोडून जायचे म्हटले तर ती कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत देणार? दुसऱ्या प्रश्नाचे सरळ उत्तर जो देत नाही त्याच्याकडे जाऊ नये. ज्या घराला बाहेर पडायचा दरवाजा नाही त्या घरात भाड्याने राहू नये.

कायद्याचेही थोडे भान ठेवावे. जीएसटीचा हिसाब वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावा लागतो. कंपनी म्हणून नोंदणी असेल तर हिसाबाची नक्कल रोज भारतातल्याच सर्व्हरवर ठेवण्याचा नियम २०२२ पासून आहे. आणि गिऱ्हाइकांची नावे, नंबर, उधारी ही त्यांची माहिती आहे. तिच्याविषयीचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तो कायदा नसता तरी आपल्यासाठी ती अमानतच आहे.

खरा वाद भावाचा होता

आता जी गोष्ट बोलायला अवघड आहे ती बोलतो. आमच्या मंडळात हलण्याला चार महिने विरोध झाला. कारणे सांगितली गेली ती इंटरनेट जाते, खर्च वाढतो, परक्याच्या हाती हिसाब जातो अशी. ती सगळी रास्त होती. पण मनातले कारण वेगळे होते. नव्या व्यवस्थेत कोणी, कधी, काय बदलले याची नोंद नावासकट राहते. जुन्या सर्व्हरवर भाव कोण खोडतो, शेवटच्या क्षणी आपली मागणी वर कोण सरकवतो, हे कळत नसे. आता कळणार होते.

एका हाजीसाहेबांनी बैठकीत हे उघड बोलून दाखवले. म्हणाले, "भाई, मशीन जुनी असल्याचा फायदा आपण सगळ्यांनीच थोडाथोडा घेतला आहे." खोलीत शांतता झाली. मग कोणीतरी हसले आणि गाठ सुटली. त्यांनी स्वतःपासून सुरुवात केली नसती तर आम्ही आजही लातूरच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावत बसलो असतो.

याचा सर्वांत मोठा लाभ कोणाला झाला, तर आमच्यासाठी शिवणारे दर्जी आणि जरीचे काम करणाऱ्या भगिनींना. पूर्वी त्यांची मजुरी एका दुकानदाराच्या तोंडी हिसाबावर चालत असे. आता त्यांनी किती नग दिले आणि किती मजुरी निघते, ते त्यांना त्यांच्याच मोबाइलवर दिसते. फक्त पाहता येते, बदलता येत नाही. पहिल्याच महिन्यात तीन जणींच्या मजुरीत चूक निघाली आणि तिन्ही चुका आमच्या फायद्याच्या होत्या. मुद्दाम कोणी केल्या नसतील, पण पैसे त्यांचे होते. ते दिले गेले. जुना सर्व्हर वाचला असता तर ते कधी दिले गेले असते का, हा सवाल मी स्वतःला पुष्कळदा विचारतो.

व्यापारी व कारागीर बंधू-भगिनींनो, विनंती एवढीच आहे. या आठवड्यात आपल्या संस्थेच्या माळ्यावर किंवा कपाटात ठेवलेला तो डबा एकदा जाऊन पाहा. त्यावर लाल दिवा लागला आहे का? त्याची मुदत कधी संपली? नक्कल कोठे आहे आणि ती शेवटची कोणी उघडून पाहिली? किल्ली कोणाच्या खिशात आहे? या प्रश्नांची उत्तरे पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या. आणि ज्या प्रश्नाचे उत्तर कोणालाच ठाऊक नसेल, त्याच्यापुढे एका माणसाचे नाव आणि एक तारीख लिहा. पुढच्या रमजानला इफ्तार होऊन दुकान उघडाल तेव्हा निदान हिसाबाची चिंता तरी मनात नसेल, इन्शाअल्लाह.